फळमाशी जमिनीत फार वेळ थांबत नाही

सूत्रकृमींवरचा आपला एपिसोड तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आवडला होता. मला मात्र तो आता ऐकवत नाही. त्यात खोटं असं काही नाही, मी परत दोनदा तपासलं. पण 'लॅबमध्ये जवळजवळ सगळ्या अळ्या मेल्या' हे मी ज्या सुरात म्हटलंय, त्यात बरंच काही राहून गेलंय. किती कृमी टाकले होते, कशात टाकले होते, अळ्या किती वयाच्या होत्या. ऐकणाऱ्याने अर्थ एवढाच घेतला की पाकीट मागवायचं, पाण्यात कालवायचं, झाडाखाली ओतायचं, झालं.

आणि एकीने नेमकं तेच केलं. ती दक्षिण कॅलिफोर्नियात, रेडलँड्समध्ये राहते. मागच्या अंगणात एक नेव्हल संत्र्याचं झाड आणि एक पेरू. २०२३ च्या शेवटच्या महिन्यांत तिच्या भागात ओरिएंटल फ्रूट फ्लायचं क्वारंटाइन होतं आणि घरचं फळ आवाराबाहेर न्यायचं नाही असा नियम होता. तिने आपला एपिसोड ऐकलेला. सूत्रकृमी मागवले, अर्धं पाकीट दोन्ही झाडांखाली सोडलं, माती ओली ठेवली. जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या कृषी खात्याने जाहीर केलं की त्या पट्ट्यातल्या दोन हजारांहून जास्त घरांच्या आवारातली फळं काढून नेली जातील. माणसं आली, संत्री आणि पेरू पिशव्यांत भरून गेले. तिचा मेल रागाचा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "ताई, मी कृमी घातले होते तरी फळं द्यावीच लागली. मग त्या कृमींनी नक्की केलं काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर एपिसोडमध्येच यायला हवं होतं.

आधी नावांचा घोळ निस्तरू. इंग्रजीत फ्रूट फ्लाय म्हटलं की दोन अगदी वेगळ्या माश्या एका पिशवीत जातात. स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांवर घोंघावते ती ड्रोसोफिला. आपण तिला चिलटं म्हणतो आणि विषय संपवतो. दुसरी ती खरी फळमाशी, टेफ्रिटिडी कुळातली. घरमाशीएवढी, पिवळसर-तपकिरी, मादीच्या मागे सुईसारखा अंडी घालायचा अवयव. ती झाडावरच्या धडधाकट फळाच्या सालीत सुई खुपसते आणि आत अंडी ठेवते. वरून फळ ठीक दिसतं, कापलं की आत अळ्या. या बाबतीत मराठी घरातली भाषा इंग्रजीपेक्षा जास्त शास्त्रीय आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

सूत्रकृमी या शब्दाचं उलट आहे. नाशिक-सोलापूरकडच्या डाळिंबवाल्याला विचारा, त्याच्यासाठी सूत्रकृमी म्हणजे मुळांवर गाठी आणणारा शत्रू. आपण बोलतोय ते त्याचे लांबचे भाऊबंद, कीटकांना मारणारे. मुख्य घराणी दोन, स्टाइनरनेमा आणि हेटरोऱ्हॅब्डायटिस. त्यांची गोष्ट खरंच भन्नाट आहे, त्यामुळे एपिसोडमध्ये मी वाहवत गेले याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. जमिनीत फिरणारी त्यांची अवस्था जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. तोंड बंद, खाणं बंद, आतड्यात मात्र जिवाणूंची शिदोरी. स्टाइनरनेमाकडे झेनोऱ्हॅब्डस, हेटरोऱ्हॅब्डायटिसकडे फोटोऱ्हॅब्डस. अळी सापडली की तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनछिद्रांतून आत शिरायचं आणि जिवाणू सोडायचे. अळी साधारण एक ते दोन दिवसांत मरते. मग कृमी तो जिवाणूंनी शिजवलेला रस्सा खातात, आतच दोन-तीन पिढ्या वाढवतात आणि हजारोंनी बाहेर पडतात. फोटोऱ्हॅब्डसने मारलेली अळी विटकरी लाल होते आणि अंधारात अगदी मंद चमकते. हे सांगताना कोणाचाही सूर चढेल.

या मंडळींचा एक आपल्याकडचा सदस्यही आहे. हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात १९९२ मध्ये कोइमतूरच्या नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झाली. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिची भुकटी तयार केली, ती उसातल्या हुमणीसाठी वापरतात. आणि आखातात ऐकणाऱ्यांसाठी: स्टाइनरनेमा अब्बासी ही जात ओमानची आहे.

हुमणीचं उदाहरण मुद्दाम दिलं. हुमणीची अळी महिनोन्‌महिने मातीत राहते, मुळं कुरतडत. कुंडीतल्या ओल्या मातीत वाढणाऱ्या फंगस नॅटची अळीही तिथेच जन्मते आणि तिथेच वाढते. यूकेमध्ये कुंड्यांतली रोपं आतून पोखरणारा वाइन वीव्हिल, फ्लोरिडाच्या लिंबूवर्गीय बागांतला मुळं खाणारा डायाप्रेपीस भुंगा, सगळे मातीतले कायमचे भाडेकरू. सूत्रकृमींनी आजवर नाव कमावलं ते असल्या किडींवर. कृमींना शोधायला वेळ मिळतो, किडीला पळायला जागा नसते.

फळमाशी मातीत भाडेकरू नाही. ती वाटसरू आहे.

तिचं वेळापत्रक बघा. अंडी फळात. अळीच्या तिन्ही अवस्था फळात. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडते, जमिनीवर येते, थोडी सरपटते, काही जातींत तर अंगाची कमान करून टणकन उड्या मारते, आणि वरच्या दोन-चार सेंटिमीटर मातीत शिरून कोष करते. उघड्या अळीच्या रूपात तिचा जमिनीवरचा मुक्काम काही तासांचा, फार तर एखाद-दोन दिवसांचा. त्यानंतर तिची स्वतःचीच कातडी वाळून टणक कवच होते. त्या कवचातून सूत्रकृमीला वाट मिळणं फार कठीण. आठवडा-दहा दिवसांनी, थंडीत त्याहून उशिरा, माशी माती उकरत बाहेर येते आणि उडून जाते.

म्हणजे कृमींच्या हातात खिडकी आहे ती एवढीच. दक्षिण आफ्रिकेत २००९ मध्ये मेडिटरेनियन आणि नाताळ या दोन फळमाश्यांवर झालेलं काम याच कारणासाठी मला आवडतं. त्या संशोधकांनी तीन अवस्था वेगवेगळ्या तपासल्या. कोषात जाऊ घातलेल्या अळ्यांना लागण झाली, प्रौढ माश्यांनाही झाली, कोषांना मात्र अजिबात नाही. शिवाय जात बदलली की बाजी मारणारा कृमीही बदलला: एका माशीच्या अळ्यांवर हेटरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा सरस, दुसरीच्या अळ्यांवर झीलँडिका, आणि प्रौढांवर तिसराच, स्टाइनरनेमा खोइसाने. पेपर प्रामाणिक आहे. पण त्याचा सारांश जेव्हा दुसऱ्या पेपरच्या प्रस्तावनेत जातो तेव्हा तो 'फळमाश्यांना सूत्रकृमी मारतात' एवढा होतो, तिथून रिव्ह्यूमध्ये जातो, रिव्ह्यूमधून ब्लर्बमध्ये, आणि ब्लर्बमधून माझ्या तोंडी.

या साहित्यावर माझा पहिला आक्षेप प्लास्टिकच्या कपाबद्दल आहे. साधारण प्रयोग असा असतो: पाच सेंटिमीटर व्यासाचा कप, त्यात धुतलेली ओलसर वाळू, वर मोजून दहा-वीस अळ्या आणि पिपेटने काही हजार कृमी. तापमान पंचवीस अंश, झाकण लावलेलं. आता शिरा किंवा मरा. अशा कपाचं क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस सेंटिमीटर. दोन हजार कृमी टाकले तर दर चौरस सेंटिमीटरला शंभर झाले. शेतात नेहमी शिफारस होते ती पंचवीसची, म्हणजे हेक्टरी अडीचशे कोटी. हा आकडा मोठा वाटतो, पण त्याच्या मागे लॅबमधला चौपट किंवा त्याहून मोठा आकडा उभा असतो आणि गुण मिळतात ते त्याला.

अंगणाचा हिशोब आपणच करू. झाडाचा पसारा बुंध्यापासून दोन मीटर धरला तर खालची जमीन साडेबारा चौरस मीटर. पंचवीसच्या दराने एका झाडाला एकतीस लाख कृमी. पन्नास लाखांचं पाकीट दीड झाडाला पुरतं. कपातल्या शंभरच्या दराने जायचं तर एकाच झाडाला सव्वा कोट, म्हणजे अडीच पाकिटं. आणि हे एकदाच करून भागत नाही. ऊन, कोरडी माती, मुंग्या, माइट्स यांच्यामुळे कृमींची संख्या काही आठवड्यांत घसरते, पण फळगळ महिनोन्‌महिने चालू असते. आमच्या ऐकणारीने दोन झाडांत अर्धं पाकीट टाकलं होतं. पाकिटावर जे चित्र होतं त्यावरून तेवढं पुरेल असंच कोणालाही वाटलं असतं.

पाकिटाचंही एक सांगते. अमेरिकेत सूत्रकृमी हे डोळ्यांना दिसतील-न दिसतील असे, पण प्राणी. त्यामुळे कीटकनाशकांच्या कायद्याखाली त्यांना नोंदणी लागत नाही. माणसाला, कुत्र्या-मांजरांना, गांडुळांना ते अपाय करत नाहीत, त्यामुळे ही सूट मला रास्तच वाटते. पण तिचा दुसरा अर्थ असा की लेबलवर छापलेली किडींची लांबलचक यादी नोंदणीच्या वाटेने कोणी आधी पाहिलेली नसते. तिथे फंगस नॅट आणि फ्रूट फ्लाय शेजारी शेजारी बसतात, आणि पहिल्याची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

हे सगळं मात्र दुरुस्त करता येण्यासारखं आहे. डोस वाढवा, संध्याकाळी फवारा, आधी आणि नंतर पाणी द्या, योग्य जात निवडा. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी मातीच्या पृष्ठभागाजवळ शेपटीवर उभा राहून डुलत भक्ष्याची वाट बघतो, तर हेटरोऱ्हॅब्डायटिस खाली जाऊन शोध घेतो. सरपटत फिरणाऱ्या अळीसाठी पहिला बरा की दुसरा, यावर चांगली चर्चा होऊ शकते. हवाईतल्या तीन फळमाश्यांवरच्या लॅब चाचण्या १९८६ मध्येच छापून आल्या आणि पुढे तिथे शेतातही प्रयोग झाले. म्हणजे हा विषय कोवळा नाही, चाळीस वर्षांचा आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो चाळीस वर्षांत कोणत्याही कपात मावलेला नाही. कृमी अळीला मारतो तेव्हा ती फळातून बाहेर आलेली असते. म्हणजे फळ आधीच गेलेलं असतं. शेतकऱ्याला किंवा आपल्यासारख्या दोन झाडांच्या मालकाला विचारायचा असतो तो प्रश्न एकच: माझ्या फळात अळी पडेल की नाही? 'मृत अळ्यांची टक्केवारी' त्याचं उत्तर देतच नाही. ती देते पुढच्या पिढीचं उत्तर. आणि पुढची पिढी उडते. तुमच्या पेरूखाली मेलेल्या अळीचा फायदा कदाचित तीन घरं पलीकडच्या संत्र्याला होईल. आणि तीन घरं पलीकडे कोणी काही केलं नसेल तर तिथली मादी तुमच्याकडे येईल. तिला तुमच्या मातीशी काही देणंघेणं नाही. ती थेट फळावर उतरते.

आकडेमोड करून बघा. झाडाखाली शंभर अळ्या उतरल्या, कृमींनी ऐंशी मारल्या, म्हणजे झकास काम. वीस उरल्या, त्यांत दहा माद्या. ओरिएंटल फ्रूट फ्लायची एक मादी आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते. बरीचशी वाया जातात हे मान्य, पण ऐंशी टक्के हा आकडा फळमाशीपुढे किती केविलवाणा आहे ते कळतं. शिवाय त्या ऐंशीपैकी काही अळ्या मुंग्यांनी तशाही नेल्याच असत्या. ती वजाबाकी शेतात करावी लागते, कपात मुंग्या नसतात.

म्हणून रेडलँड्सचं फळ नेणं मला कितीही दुष्ट वाटलं तरी त्यामागचा तर्क खोडता येत नाही. त्या मोहिमेने अळीला मातीपर्यंत येऊच दिलं नाही. फळासकट उचललं, आणि एका घरातून नाही, अख्ख्या वस्तीतून. जोडीला नरांना ओढणारं मिथाइल युजेनॉल आणि सापडलेल्या माशीभोवतीच्या आवारांत स्पिनोसॅड. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातले त्या लाटेतले सगळे फळमाशी प्रादुर्भाव संपल्याचं जाहीर झालं. हवाईत दोन हजार सालाच्या आसपास उभा राहिलेला मोठा क्षेत्रव्यापी कार्यक्रमही असाच होता: पडलेली फळं उचलणं, प्रथिनांचं आमिष, नरांचे सापळे, परजीवी गांधीलमाश्या आणि नपुंसक नर. त्यात माझी आवडती वस्तू म्हणजे ऑगमेंटोरियम. साधा तंबू. किडकी फळं त्यात टाकायची. जाळीची भोकं अशी की फळमाशी आतच अडकते, आणि तिच्या अळ्यांवर वाढलेली बारीक गांधीलमाशी बाहेर पडून बागेत कामाला लागते. त्या कार्यक्रमाच्या मुख्य खांबांत सूत्रकृमी नव्हते.

हीच ओरिएंटल फ्रूट फ्लाय कोकणातल्या आंब्यावरही असते, त्यामुळे यूकेतल्या मंडळींना ही गोष्ट वेगळ्या बाजूने माहीत आहे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला तो मालात फळमाश्या सापडल्यामुळे, आणि बंदी उठायला पुढचं साल उजाडलं. अमेरिकेत आपला हापूस येतो तो ४०० ग्रे किरणांचा मारा खाऊन. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच माशीच्या नरांसाठी आहे, आणि त्यातही तेच मिथाइल युजेनॉल. ते तुळशीच्या पानांतही असतं, आणि नरमाश्या त्यावर किती भाळतात हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हाउलेटने दाखवलं होतं. आपल्याकडच्या कृषी पानांवर वर्षानुवर्षं छापून येणारा सल्ला आठवा: पडलेली किडकी फळं रोजच्या रोज वेचा, खोल खड्ड्यात पुरा. तो वाचून आपण पान उलटायचो. त्याला एपिसोड कोण करणार?

मी केला नव्हता. सूत्रकृमींवर पन्नास मिनिटं बोलले आणि फळं वेचण्यावर एक वाक्य.

मग सूत्रकृमींना या गोष्टीत जागाच नाही का? आहे, पण ती पाकीट विकत घेणाऱ्याची जागा नाही. अळ्या किंवा अंडी घालायच्या बेतातली मादी सापडली की झाडांखालची माती कीटकनाशकाने भिजवायची ही उच्चाटन मोहिमांची जुनी रीत. एकेकाळी त्यासाठी डायझिनॉन वापरत, पुढे पायरेथ्रॉइड आलं. लोकांच्या घरामागे, मुलं खेळतात त्या जागी. तिथे सूत्रकृमी ठेवता आले तर ते खरं काम. मातीत आधीच शिरायच्या बेतात असलेल्या अळ्यांसाठी, ठरावीक आवारांत, सरकारी खर्चाने, मोठ्या डोसने, फळं उचलल्यानंतर उरलेल्यांसाठी. त्या कामाचा निकाल अळ्या मोजून लावू नये. झाडाखाली जाळीचे पिंजरे ठेवून किती माश्या बाहेर आल्या हे मोजावं, कृमी घातलेल्या आणि न घातलेल्या दोन्ही जागी, कीटकनाशकाच्या शेजारी ठेवून. असे प्रयोग मला खूप जास्त हवेत आणि कपातले खूप कमी. पीएचडीची तीन-चार वर्षं, त्यातले फळांचे दोन हंगाम, कप मात्र बारा महिने उपलब्ध, हे गणित मला कळतं. मीही कपच निवडला असता. पण मग ॲब्स्ट्रॅक्टच्या शेवटच्या ओळीत 'फळमाशी व्यवस्थापनासाठी आशादायक' हे लिहिताना हात थोडा थांबावा.

एका ठिकाणी मात्र माझं मन अजून डळमळतं. एकटंदुकटं झाड, जवळपास दुसरं यजमान झाड नाही, सावलीची ओलसर रेताड माती, आणि मालक रोज पडलेली फळं उचलणारा. तिथे कृमी पुढच्या पिढीला खरंच खाली आणू शकतील. पण मालक रोज फळं उचलत असेल तर कृमींसाठी मातीत उतरणार कोण?

रेडलँड्सच्या ताईला मी हे सगळं एवढ्या लांबीने लिहिलं नाही. लिहिलं ते असं: तुझ्या कृमींनी काही अळ्या मारल्या असतील, नसतीलही. फळं तरीही न्यावी लागलीच असती. पुढच्या वर्षी पेरू सुपारीएवढे झाले की कागदी नाहीतर बारीक जाळीच्या पिशव्या बांध, आणि खाली पडलेलं एकही फळ रात्रभर ठेवू नकोस. शेजाऱ्यांनाही सांग. तिचं उत्तर आलं की शेजारी म्हातारे आहेत आणि त्यांच्या लिंबाखाली तीच वेचते आता. फ्रिजमध्ये उरलेलं अर्धं पाकीट तिने कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामं केलं होतं. तिथली चिलटं तीन आठवड्यांत बरीच कमी झाली म्हणे.